क बाटली आणि ख बाटली

आमच्या डॉक्टरांकडे पाय मुरगळलेला माणूस लंगडत आला, तरी ते आधी त्याच्या कानाची चौकशी करत. "बसा. कानात काही वाजतं का?" माणूस बिचारा घोट्याकडे बोट दाखवायचा. डॉक्टर म्हणायचे, "तो दिसतोय मला. कानाचं सांगा." नाही म्हटलं की त्यांचा चेहरा जरा पडायचा आणि मग ते घोट्याकडे वळायचे. हो म्हटलं, तर मात्र घोट्याचं काही खरं नसे. टेबलाच्या खणातून जाड पुठ्ठ्याची वही निघे आणि कसं वाजतं, कधी वाजतं, कुठल्या कानात वाजतं, आडवं झाल्यावर वाढतं की बसल्यावर, अशी उलटतपासणी सुरू होई. बाहेर बाकावरचे लोक एकमेकांकडे बघून हसू दाबत.

मी त्यांच्याकडे सात वर्षं कंपौंडर होतो. दवाखाना साखर पेठेच्या तोंडाशी, त्यामुळे पेशंट बहुतेक गिरणीतले किंवा घरी हातमाग चालवणारे. सोलापुरात तेव्हा निम्मं गाव गिरणीच्या भोंग्यावर उठायचं आणि भोंग्यावर जेवायचं. साचेखात्यात, म्हणजे कापड विणणारे साचे चालतात तिथे, दहा-बारा वर्षं काढलेल्या माणसाशी बोलायचं तर ओरडावं लागे, आणि तोही ओरडूनच उत्तर देई. घरी आल्यावर यातल्या पुष्कळांच्या कानात काहीतरी वाजत राही. त्यांना तो आजार वाटतच नसे. हाताला घट्टे पडतात, तसंच कानाचं, असं ते धरून चालत. डॉक्टरांना मात्र जगात तेवढा एकच आजार खरा वाटायचा. बाकीच्यांवर ते नाइलाजाने औषध द्यायचे.

त्या वहीत काय काय आवाज होते! रातकिडे होते, चुलीवरचं आधण होतं, पिंजाऱ्याची धनुकली होती, लांबून जाणारी मालगाडी होती. एका बाईने सांगितलं, "माझी जाऊ बोलल्यासारखं वाजतंय." डॉक्टरांनी न हसता लिहिलं : किरटा आवाज, दोन्ही कान, थांबत नाही.

ते सगळ्यांना अहो-जाहो करत. मला, केर काढणाऱ्या बाईला, माझ्या चार वर्षांच्या मुलीला, सगळ्यांना. टांग्यातून उतरताना घोड्याच्या मानेवर थाप मारून "दमलात का?" म्हणताना मी त्यांना ऐकलं आहे. अंगात उन्हाळ्यातसुद्धा काळा कोट, डोक्याला रुमाल, आणि पायांत कायम गिरणीच्या दुकानातल्या जाड चपला. रस्त्यापलीकडे दुसरे एक डॉक्टर होते. त्यांच्याशी आमच्या डॉक्टरांचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. एका पेशंटला ताप होता की नव्हता, यावरून वाजलं होतं. पेशंट बरा होऊन, म्हातारा होऊन, नातवंडांत रमला तरी यांचा अबोला चालूच होता.

औषधांबद्दल त्यांचं एक मत होतं, आणि ते दिवसातून एकदा तरी मला ऐकावं लागे. "कंपौंडर, औषध म्हणजे घरचा गडी. आपण त्याला पाणी भरायला ठेवतो आणि जन्मभर पाणीच भरायला लावतो. त्याला झाडावर चढता येतं का, कधी विचारलंय? विचारून बघायला काय जातं?" विलायतेहून नवं औषध निघेल, मग ते बोटीने मुंबईला येईल, मग आपल्या कानातली शिट्टी थांबेल, या गोष्टीवर त्यांचा विश्वास नव्हता. कानाचं औषध आपल्या दवाखान्यातच आहे, फक्त ते दुसऱ्या नावाने फळीवर बसलंय, असं ते म्हणत.

म्हणून त्यांनी वरच्या फळीच्या डाव्या टोकापासून सुरुवात केली होती. दर सोमवारी एक औषध. आधी स्वतः घ्यायचं, तेही बेतानं, आणि आठवडाभर वहीत लिहायचं. झोपेचं औषध झालं, पोटाचं झालं, दम्याचं झालं, थेंब झाले, चूर्णं झाली. ब्रोमाईडच्या आठवड्यात ते पेशंटची जीभ बघता बघता डुलकी घेत. पेशंट जीभ काढून तसाच बसलेला, आणि मी आडोशाने खोकतोय. हिवतापाच्या कोयनेलने कान जास्तच वाजतात, हे कुठल्याही डॉक्टरला ठाऊक असतं. त्यांनाही होतं. तरी त्यांनी तेही घेतलं. काट्याने काटा निघतो का, बघू म्हणाले. त्या आठवड्यात वहीत एकच ओळ आहे : निघत नाही.

स्वतःला मानवलं, की मग ते औषध नरसय्याला. नरसय्या गिरणीत साच्यावर होता. चाळिशीचा, काटक, आणि स्वभावाने इतका भिडस्त की डॉक्टरांचं मन मोडणं त्याला पाप वाटायचं. कुठलंही औषध द्या, आठवड्याने येऊन तो सांगायचा, "बरं हाय की ओ डाक्टर, लई फरक हाय." एकदा दिलेल्या बाटलीवर मी सात दिवसांच्या डोसांच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवली होती, आणि बाटली दुसऱ्याच दिवशी रिकामी होऊन परत आली. डॉक्टर घाबरले.

"सगळं एकदम प्यालात?"

"न्हाय ओ. घरात सगळ्यास्नी वाटून दिलो."

"अहो, पण कान तुमचे वाजतात!"

"एकटाच प्यालो तर बरं दिसतंय काय? सात माणसं हायत घरात. म्हातारीला तर लई आवडलं."

डॉक्टरांनी वही मिटली. तेव्हापासून नरसय्याने गिरणी सुटल्यावर दवाखान्यात यायचं आणि माझ्यासमोर डोस घ्यायचा, असा नियम झाला. तो घोट घेताना डोळे मिटायचा आणि मग भांडं कपाळाला लावून परत द्यायचा.

डॉक्टर स्वतः विश्रांतीला कुठे जात, हे सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही. दुपारी जेवण झालं की ते गिरणीत जात आणि साचेखात्याच्या दारात अर्धा-पाऊण तास उभे राहत. आत शेकडो साचे एकदम धडधडत असायचे, जमीन हादरायची. दारवानाने त्यांच्यासाठी एक स्टूल ठेवलं होतं. त्यावर बसून ते भिंतीला डोकं टेकत आणि चेहरा असा होई की देवळात बसलेत. मी एकदा निरोप घेऊन गेलो होतो, तेव्हा त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणून ओरडून सांगितलं, "इथं मला काही ऐकू येत नाही!" तेव्हा मला तो नुसता विक्षिप्तपणा वाटला.

तो काय होता, ते पुढे संक्रांतीनंतर कळलं. गड्ड्याच्या जत्रेसाठी दवाखाना तीन दिवस बंद होता. आमच्याकडे कुंभारमाशांचा फार त्रास. कुठे भोक दिसलं की त्यात मातीचं घर बांधून मोकळ्या. म्हणून दवाखाना बंद करताना मी डॉक्टरांच्या छाती तपासायच्या नळीच्या, कानात घालायच्या दोन्ही बोंडांत कापसाचे बोळे घट्ट दाबून ठेवले, आणि उघडल्यावर काढायचे साफ विसरलो. संध्याकाळी नळी पुसायला घेतली तर बोळे जागच्या जागी. त्या दिवशी डॉक्टरांनी त्याच नळीने सहा माणसांच्या छात्या ऐकल्या होत्या. श्वास घ्या म्हणाले होते, सोडा म्हणाले होते, मान हलवली होती.

चूक माझी होती, त्यामुळे गप्प बसणं सोयीचं होतं. शेवटी ते दोन बोळे मी त्यांच्या वहीवर नेऊन ठेवले.

त्यांनी बोळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कधीपासून?"

"आजच. सहा जण."

"मला वाटलं, आज कान जास्तच बंद झालेत." असं म्हणून ते खुर्चीत मागे टेकले. पाच वर्षं त्यांचे कान वाजत होते. आधी उजवा, मग दोन्ही. रात्रंदिवस एक बारीक शिट्टी, आणि छातीतले बारीक आवाज नेमके त्या शिट्टीखाली बुडत. ते मोठं बोलणं ऐकत, रस्ता ऐकत, पण नळीतून त्यांना आता जवळजवळ काहीच येत नव्हतं. ते बोटांवर काम चालवत होते. पाठीवर डावा पंजा ठेवायचा, उजव्या बोटाने त्यावर ठोकायचं, आणि खाली पोकळ आहे की भरलेलं, ते हाताला जाणवतं तेवढं धरायचं. पेशंटना ती काहीतरी मोठी विद्या वाटायची. नळी नुसती लोकांसाठी होती.

"बोटांनी सगळं कळतं का?" मी विचारलं.

"पुष्कळ कळतं. सगळं नाही." मग म्हणाले, "पाडव्यापर्यंत बघतो. तोवर कानाला काही मिळालं तर ठीक. नाहीतर छाती तपासणं बंद. तोपर्यंत दर वेळी बोटं वापरीन, आणि शंका आली की मोठ्या दवाखान्यात पाठवीन. तुम्ही लक्ष ठेवा."

छाती न तपासणारा डॉक्टर, हे म्हणजे पाणी न घालणारा भिस्ती. गिरणीच्या वस्तीत निम्मं दुखणं छातीचंच. मला त्यांची कीव आली आणि रागही आला, कारण मीसुद्धा त्या सहा जणांत असू शकलो असतो.

शिवरात्रीच्या सुमाराला त्यांना खोकला झाला. आमचं खोकल्याचं मिक्श्चर ठरलेलं होतं, नवसागर आणि ज्येष्ठमध, वर थोडं पेपरमिंटचं पाणी. गावात निम्म्या लोकांनी ते प्यायलं असेल. चार दिवसांनी ते सकाळी दवाखान्यात आले ते कोट न घालताच. "कंपौंडर, शिट्टी खाली आलीय. गेली नाही, पण खाली आलीय." दहा वेळा ते खिडकीशी जाऊन कान लावून उभे राहिले. खालच्या फळीवरचा, सगळ्यांत स्वस्त गडी झाडावर चढला होता.

दुसरा कोणी असता तर तिथेच पेढे वाटून मोकळा झाला असता. हे हट्टी. म्हणाले, "मला बरं वाटायला हवंय, म्हणून बरं वाटत असेल. मी नरसय्याच आहे." त्यांनी असं ठरवलं की होळीपासून पाडव्यापर्यंत दोन आठवडे, दोन बाटल्या. एकीवर क, एकीवर ख. एकीत खरं मिक्श्चर, दुसरीत मी केलेलं सोंग. चव, रंग, वास सारखा पाहिजे. पहिला आठवडा क, दुसरा ख. कुठल्या बाटलीत काय, ते फक्त मला ठाऊक.

"चिठ्ठीवर लिहून ठेवू?"

"चिठ्ठी नको. चिठ्ठी मी शोधून काढीन, मला माझा स्वभाव माहीत आहे. तुमच्या डोक्यात ठेवा. तिथं मला हात घालता येत नाही."

नवसागराऐवजी मी साधं मीठ घातलं, ज्येष्ठमध आणि पेपरमिंट जरा सढळ हाताने. दोन्ही चाखून बघितल्या, मलाही ओळखू येईनात. क मध्ये पाणी होतं, ख मध्ये औषध. नरसय्यालाही त्याच क्रमाने. त्याने दोन्ही आठवडे "बरं हाय" म्हटलं.

पहिल्या आठवड्यात डॉक्टर बदलले. सकाळी दाढी करताना गायला लागले. त्यांचं घर दवाखान्याच्या वरच होतं, त्यामुळे ते गाणं आम्हाला खाली ऐकू येई, आणि ते चांगलं नव्हतं. त्यांनी नळीला नवीन रबर आणवलं. दुपारी साचेखात्यात जायचं बंद केलं. दुसऱ्या आठवड्यात गाणं थांबलं आणि ते पुन्हा स्टुलावर जाऊन बसायला लागले.

पाडव्याच्या सकाळी ते कडुनिंबाची चटणी घेऊन खाली आले, ती माझ्या हातावर ठेवली, आणि म्हणाले, "सांगा. क मध्ये शिट्टी जवळजवळ नव्हती. ख मध्ये होती. क काय होतं?"

मी चटणी गिळली. ते माझ्याकडे बघत होते, आणि त्यांचे हात टेबलाची कड धरून होते. मी म्हणालो, "औषध."

खोटं बोलायचं मी आधी ठरवलं नव्हतं. तोंडातून गेलं. त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले. मला म्हणाले, तुम्ही माझं आयुष्य परत दिलंत. मला तेव्हा फार बरं वाटलं, हेही सांगायला हवं.

त्याच दिवसापासून त्यांनी मिक्श्चर पुन्हा सुरू केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलाच पेशंट नरसय्या. उन्हात घोंगडी पांघरून आला होता. तीन दिवस ताप, उजव्या कुशीत कळ. "आमच्यावरचा जॉबर म्हणालाय, उद्या न्हाय आलास तर साचा बदलीवाल्याला देतो. डाक्टर, कामावर जाऊ दे म्हणून चिठ्ठी द्या की." डॉक्टरांनी त्याला बसवलं, कानाचंसुद्धा विचारलं नाही. नव्या रबराची नळी लावली आणि पुढून-मागून, वर-खाली, शांतपणे ऐकलं. बोटं वापरली नाहीत. आता गरजच नव्हती ना. मला इतक्या वर्षांत छाती ऐकायला कोणी शिकवलं नव्हतं, पण नरसय्याच्या नाकपुड्या प्रत्येक श्वासाला फुलत होत्या, आणि एक वाक्य बोलायला त्याला दोनदा थांबावं लागलं होतं. ते मला दिसत होतं.

"साफ आहे," डॉक्टर म्हणाले. "नुसता ताप आहे. उद्या जा कामावर." आणि चिठ्ठी लिहायला घेतली.

मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, क मध्ये पाणी होतं."

ते लिहितच राहिले. त्यांना ऐकूच गेलं नव्हतं. हळू आवाजात सांगून माझी सुटका होणार नव्हती. मी ओरडलो, "क मध्ये पाणी होतं! मीठ आणि ज्येष्ठमध! मी खोटं बोललो!" बाहेरच्या बाकावरची माणसं दारात येऊन उभी राहिली. नरसय्या माझ्याकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीने बघायला लागला.

डॉक्टरांनी लेखणी ठेवली. कानातली नळी काढून टेबलावर ठेवली. मग उठून नरसय्याच्या मागे गेले, पाठीवर पंजा ठेवला आणि ठोकत ठोकत खाली आले. उजवीकडे, खालच्या बरगड्यांपाशी, थांबले. पुन्हा ठोकलं. चिठ्ठी फाडली. "चला," म्हणाले, आणि त्याला घोंगडीसकट धरून रस्ता ओलांडायला लागले. मी मागे.

समोरच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात गर्दी होती. आमचे डॉक्टर थेट आत शिरले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "माझे कान गेलेत. यांची छाती ऐका."

समोरच्या डॉक्टरांनी नरसय्याला पुढे घेतलं. नळी लावून ते खूप वेळ ऐकत राहिले, आणि आमचे डॉक्टर त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

"उजवीकडे खाली," ते शेवटी म्हणाले. "न्यूमोनिया."

"वर?"

"वर साफ आहे."

"म्हणजे माझ्या बोटांना लागलं तेवढंच," आमचे डॉक्टर म्हणाले.

"आन् माझा साचा?" नरसय्याने विचारलं. त्या दुपारी डॉक्टर गिरणीत गेले ते स्टुलावर बसायला नाही, जॉबरशी भांडायला. साचा महिनाभर दुसऱ्याकडे गेला, पण परत मिळाला. नवव्या दिवशी नरसय्याला दरदरून घाम फुटला आणि ताप उतरला. कामावर गेला असता तर तो चौथ्या दिवशीच संपला असता, असं दोन्ही डॉक्टरांचं मत पडलं. अकरा वर्षांत त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

मला ते फक्त एकदाच बोलले, त्याच दिवशी, रस्ता परत ओलांडताना. "का सांगितलंत असं?"

"तुम्ही दाढी करताना गात होता."

"गाणं नव्हतं तपासायला दिलं तुम्हाला."

आठवड्याने त्यांनी स्वतः पाटी रंगवून दारावर लावली : 'या दवाखान्यात छाती तपासली जात नाही. समोर जावे.' लोक पाटी वाचून हसत, मग दुसऱ्याला वाचून दाखवत. पेशंट निम्म्यावर आले. डॉक्टर गळवं कापत, मोडलेली हाडं बांधत, लहान मुलांची पोटं बघत, आणि पहिल्यासारखंच कानाचं विचारत. मला त्यांनी काढलं नाही. आवाजही कधी चढवला नाही. अहो-जाहोत तसूभर फरक पडला नाही.

औषधांची तपासणीही थांबली नाही. अजून अर्धी फळी शिल्लक होती. फक्त दर सोमवारी दोन बाटल्या, औषध आणि मिठाचं पाणी असं सगळं एका टोपलीत घालून मी समोरच्या डॉक्टरांकडे घेऊन जायचो. ते मला बाहेर बाकावर बसायला सांगायचे, आत जाऊन बाटल्या भरायचे, क आणि ख चिकटवायचे, आणि टोपली परत माझ्या हातात द्यायचे. कुठल्या बाटलीत काय आहे, ते मला ठाऊक नसे. दोन वर्षं मी ती टोपली नेली-आणली, आणि प्रत्येक सोमवारी रस्ता ओलांडताना मला लाज वाटली.